खर्जातला पंक : बेस गिटार कशी ऐकावी?

प्रश्न : मी सध्या १९७६ ते १९७९ या काळातले ब्रिटिश पंक रॉक ऐकत आहे. गिटारचा गोंगाट आणि गायकाचा आवेश चटकन भिडतो. बेस गिटार मात्र वेगळी अशी ऐकू येत नाही. त्या काळच्या बेसवादकांना धड वाजवता येत नव्हते असे अनेकदा वाचनात येते आणि त्यासाठी सेक्स पिस्टल्स या बँडच्या सिड व्हिशसचे उदाहरण हटकून दिले जाते. पंकमधल्या बेसकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे त्यात खरोखर काही आहे का?

उत्तर : आहे, आणि पुष्कळ आहे. सिड व्हिशसवरून पंकमधल्या बेसची पारख करणे मात्र अन्यायाचे होईल, कारण ज्या ध्वनिमुद्रणांमुळे त्याचे नाव झाले त्यांतला बेस बहुतांशी त्याने वाजवलेलाच नाही. सेक्स पिस्टल्सचा मूळ बेसवादक ग्लेन मॅटलॉक होता. फेब्रुवारी १९७७ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी सिड आला. पण तोवर पुढे गाजलेली बहुतेक गाणी रचून झाली होती आणि त्या रचनांमध्ये मॅटलॉकचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये आलेल्या अल्बमवर बहुतेक गाण्यांतला बेस गिटारवादक स्टीव्ह जोन्स यानेच वाजवला. सिडची छायाचित्रे जगभर पोहोचली आणि त्यांनी वाद्याविषयीचे मतही ठरवून टाकले, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

आपण एक तुलना करून पाहावी. नोव्हेंबर १९७६ चे ‘अनार्की इन द यूके’ मॅटलॉकच्या बेससह मुद्रित झाले आहे, तर १९७७ च्या ‘हॉलिडेज इन द सन’मध्ये बेस जोन्सचा आहे. दुसऱ्या गाण्यात बेस हा गिटारच्या कॉर्डना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांना, चिकटून त्यांचे वजन वाढवतो, आणि तेही काम चोख झाले आहे. पहिल्या गाण्यात मात्र एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डकडे जाताना बेस मधले स्वर घेत जातो, त्यामुळे गिटारच्या त्या दणदणीत थराखाली एक स्वतंत्र हालचाल सुरू असल्याचे जाणवते. ही हालचाल एकदा कानात बसली की गाणे पूर्वीसारखे सपाट वाटत नाही.

या संगीतात बेसला इतके महत्त्व का आले, याचे कारण गिटारच्या वापरात आहे. सत्तरच्या दशकातल्या रॉकमध्ये लांबलचक गिटार सोलो हा मानाचा भाग मानला जाई. पंकने तो जवळजवळ टाकून दिला. अ‍ॅम्प्लिफायरमधून मुद्दाम फाटका करून काढलेला, पूर्ण कॉर्डचा, सलग वाजणारा आवाज हे गिटारचे मुख्य काम झाले. अशा आवाजात जोर असतो, पण वेगळे स्वर त्यात एकमेकांत मिसळून जातात आणि सुरावट धूसर होते. बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची, म्हणजे गिटारच्या खालच्या तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खालची, आणि त्यावर एका वेळी बहुधा एकच स्वर वाजतो. म्हणून गिटारने आपली जागा गोंगाटाने भरून टाकल्यावर स्पष्ट स्वर सांगण्याची जबाबदारी बेसवर आली. ड्रमची लय आणि गायकाची चाल यांना जोडणारा दुवा तोच राहिला.

वाजवण्याची पद्धतही त्यानुसार घडली. बोटांऐवजी पिकने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या चकतीने, तार छेडायची, चार मात्रांच्या आवर्तनात सारख्या अंतराने आठ आघात करायचे, आणि शक्यतो प्रत्येक आघात वरून खालीच द्यायचा. पिकमुळे स्वराला धातूची धार येते आणि तो गिटारच्या गर्दीतून बाहेर येतो. हे ऐकायला सोपे वाटते, पण अतिजलद लयीत एकही आघात सैल न पडू देता तीन मिनिटे हे करणे मनगटाची परीक्षा पाहणारे आहे. ऑक्टोबर १९७६ मध्ये डॅम्ड या बँडचे ‘न्यू रोझ’ आले. ब्रिटिश पंक बँडची पहिली सिंगल तबकडी म्हणून त्याची नोंद होते. त्यात कॅप्टन सेन्सिबल याचा बेस हीच अविश्रांत धाव घेतो. पुढे तो गिटारकडे वळला आणि १९७९ च्या ‘लव्ह साँग’ची सुरुवात अल्जी वॉर्डच्या गुरगुरणाऱ्या बेसने झाली, तेव्हा या बँडमध्ये बेसची परंपराच होती, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही एकाच वादकाचे नाव घ्यायचे तर मी स्ट्रँगलर्स या बँडच्या जाँ-जॅक बर्नेलचे घेईन. मूळ शिक्षण अभिजात गिटारचे, हाती पिक आणि फेंडर प्रिसिजन बेस, आणि फाटलेल्या स्पीकरमधून यावा तसा खरखरीत आवाज. बेस म्हणजे पाठीमागचा मऊ आधार, ही कल्पना त्याने मोडीत काढली. १९७७ च्या ‘पीचेस’मध्ये गाण्याचा मुख्य धागा बेसच आहे, गिटार आणि ऑर्गन त्याच्याभोवती मोजकेच बोलतात. त्या गाण्याची स्त्रियांकडे पाहण्याची नजर मला मुळीच रुचत नाही आणि ते न लपवता सांगितले पाहिजे. पण बेसच्या त्या थोड्याशा स्वरांना काढून टाकले तर मागे गाणे उरत नाही, हेही तितकेच खरे आहे. ‘द जॅम’चा ब्रूस फॉक्स्टन यानेही असाच पुढाकार घेतला. तिघांच्या बँडमध्ये एकच गिटार असल्यामुळे त्याला मोकळी जागा मिळाली, आणि १९७८ च्या ‘डाउन इन द ट्यूब स्टेशन अ‍ॅट मिडनाइट’मध्ये ती त्याने किती समजून भरली आहे ते ऐकण्यासारखे आहे.

प्रश्न : ब्रिटिश पंकमधल्या बेसवर जमैकाच्या रेगे संगीताचा प्रभाव आहे असे म्हणतात. इतक्या वेगवान संगीतावर इतक्या संथ संगीताचा प्रभाव नेमका कसा पडला?

उत्तर : तो आधी श्रोत्यांच्या कानांवर पडला आणि मग वादकांच्या बोटांत उतरला. १९७७ च्या सुरुवातीला लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या रॉक्सी या क्लबमध्ये पंक बँड वाजवू लागले, तेव्हा दोन बँडच्या मधल्या वेळेत लावायला पंकच्या तबकड्या जवळजवळ नव्हत्याच. जमैकन कुटुंबातला डॉन लेट्स तिथे तबकड्या लावत असे आणि तो रेगे व डब, म्हणजे रेगेचाच बेस आणि ड्रम पुढे आणणारा प्रकार, लावी. गिटारचा कल्लोळ थांबताच खोल, संथ बेसने खोली भरून जाणे हा त्या पिढीचा नेहमीचा अनुभव झाला.

क्लॅश या बँडचा बेसवादक पॉल सिमोनन याला तर हे संगीत लहानपणापासून परिचित होते, कारण तो दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये, कॅरिबियन वस्तीच्या सहवासात वाढला. बँडमध्ये आला तेव्हा तो चित्रकलेचा विद्यार्थी होता आणि त्याला वाद्य येत नव्हते. बेसच्या मानेवर स्वरांची नावे रंगवून त्याने सुरुवात केली. ही हकिकत अनेकदा त्याच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मला तीत त्याची निष्ठा दिसते, कारण हात नवखे असले तरी बेसने काय बोलावे हे त्याच्या कानांना आधीच ठाऊक होते. एप्रिल १९७७ च्या पहिल्याच अल्बमवर क्लॅशने ज्युनिअर मर्व्हिनचे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे रेगे गीत सुमारे सहा मिनिटे वाजवले. भोवतीची गाणी दोन-अडीच मिनिटांत संपत असताना हे धाडसाचे होते. त्यानंतर अडीच वर्षांनी, डिसेंबर १९७९ मध्ये ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमवर सिमोननने स्वतः रचलेले आणि गायलेले ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ आले. त्यातला बेस काही स्वर ठामपणे उच्चारतो आणि मग चक्क थांबतो. रेगेने पंकला शिकवलेली गोष्ट हीच आहे : आठही आघात भरलेच पाहिजेत असे नाही, रिकाम्या मात्रेलाही वजन असते. याच बेसच्या ओळीवर १९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनलचे एक नृत्यगीत उभे राहिले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ‘लंडन कॉलिंग’च्या मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आपटून फोडला जात असलेला बेसही सिमोननचाच, पण त्या छायाचित्राइतकाच अल्बममधला त्याचा बेस लक्षात राहावा असे मला मनापासून वाटते.

१९७९ मध्येच स्लिट्स या बँडचा पहिला अल्बम आला. निर्माता डेनिस बोव्हेल हा स्वतः लंडनच्या रेगे जगातला जाणकार संगीतकार होता आणि टेसा पॉलिटच्या बेसला त्याने इतकी मोकळी जागा दिली की गिटार तिथे केवळ अधूनमधून खाजवल्यासारखी वाजते. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन याने त्या बँडनंतर उभारलेल्या पब्लिक इमेज लिमिटेडमध्ये जा वॉबलचा बेस याच वाटेने आणखी पुढे गेला. त्यांचा ‘मेटल बॉक्स’ नोव्हेंबर १९७९ मध्ये पत्र्याच्या गोल डब्यात, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तीन बारा-इंची तबकड्यांवर निघाला. डबा लोकांच्या लक्षात राहिला, पण तबकड्यांची निवड अधिक अर्थपूर्ण होती. खर्जाच्या स्वरांसाठी तबकडीवरची खाच रुंद लागते, आणि तेवढीच गाणी अधिक पृष्ठभागावर पसरल्यामुळे ती रुंदी मिळाली.

प्रश्न : मी बहुतेक संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकते. त्यावर हा बेस ऐकू येईल का?

उत्तर : काही वादकांचा येईल, काहींचा नाही. इतक्या लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर निघतच नाही. त्याचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबरच उमटणारे अधिक उंच स्वर, तेवढे निघतात आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो. बर्नेलचा खरखरीत, पिकने वाजवलेला बेस उपस्वरांनी भरलेला असल्यामुळे मोबाइलवरही ओळखू येतो. वॉबलच्या गोल, खोल आवाजात ते फार थोडे असतात, त्यामुळे तो जवळजवळ नाहीसा होतो. साधे हेडफोन लावले तरी मोठा फरक पडेल. प्रथम ‘पीचेस’, मग ‘अनार्की इन द यूके’ आणि त्यानंतर ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ ऐकावे. प्रत्येक गाणे एकदा शब्दांकडे लक्ष न देता, फक्त बेसच्या मागे जात ऐकावे. ‘मेटल बॉक्स’ मात्र मोठ्या स्पीकरची सोय होईपर्यंत राखून ठेवावा.