अंतरपाट, अंगठा आणि फोकस

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, वय ६३, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. गेल्या वर्षी कॅननचा ईओएस आर६ मार्क टू घेतला आणि ८५ मि.मी.ची एफ २ लेन्स. भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या खांद्यामागे उभा राहिलो, वन शॉट मोडवर शटरचं बटन अर्धं दाबून तयारीत. अंतरपाट दूर झाला तेव्हा आठ फोटो काढले. पहिल्यात कापडावरचं स्वस्तिक लखलखीत, उरलेल्या सातांत भाचीचा चेहरा धूसर. जावई म्हणतात, ‘बाबा, फोकस कॅमेऱ्याच्या मागच्या बटनावर घ्या.’ तसं करून पाहिलं, तर अंगठा दाबायचं ध्यानातच राहत नाही आणि दोन दिवसांत दुखायला लागला. हे खरंच करावं का?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचलं आणि जीव हळहळला. हाच फोटो माझाही हुकलेला आहे. वडिलांचा स्टुडिओ मी चालवायला घेतला त्या पहिल्याच वर्षी स्नेहलतागंजातल्या एका लग्नात अगदी असंच झालं. नवरीच्या आईने अल्बम उघडून आधी तोच क्षण शोधला, फोटोवर बोट ठेवलं, आणि काही न बोलता पान उलटलं. ती माउली रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आधी घडलं काय ते पाहू. ऑटोफोकसला कडा लागते, उजेड-अंधाराचा किंवा रंगाचा ठळक फरक लागतो. पांढऱ्या कापडावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक म्हणजे त्याच्यासाठी आयतं निशाण. वन शॉटमध्ये बटन अर्धं दाबून धरलं की फोकस एकदा लागतो आणि बोट उचलेपर्यंत तिथेच थांबतो. तुमचा तो स्वस्तिकावर थांबला होता. कापड सरकलं, आणि भाची होती त्याच्या हातभर मागे. ८५ मि.मी. लेन्स, एफ २ (म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं), समोरचा माणूस दोन मीटरवर, असा हिशेब केला तर नीट दिसणारी जागा जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोल असते. हातभर अंतर त्यात कुठून बसणार?

म्हणजे जावई बरोबर सांगतायत. एकाच बटनाने फोकसही लावायचा आणि फोटोही काढायचा, ही दोन कामं तोडून वेगळी करायची. शटरच्या बटनाने फक्त फोटो निघेल, फोकस अंगठ्याकडे जाईल. ही कल्पना तुमच्यासारख्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांबरोबर आलेली नाही. मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकस आतच बसवलेला एसएलआर (आरसा असलेला कॅमेरा) १९८५ साली आला, आणि १९८९च्या कॅनन ईओएस ६३०मध्ये फोकस मागच्या बटनावर घेण्याची सोय झाली. लग्नाचे आणि खेळाचे फोटो काढणारे तेव्हापासून हे करत आलेत.

तुमच्या कॅमेऱ्यात बटनं कस्टमाइज करण्याच्या मेन्यूत जा. शटर हाफ-प्रेसला, म्हणजे अर्ध्या दाबाला, ‘मीटरिंग अँड एएफ स्टार्ट’ (उजेड मोजणं आणि ऑटोफोकस) आहे, तिथे ‘मीटरिंग स्टार्ट’ ठेवा. एएफ-ऑनला, म्हणजे मागच्या अंगठ्याखालच्या बटनाला, ‘मीटरिंग अँड एएफ स्टार्ट’ असतंच, ते राहू द्या. मग मोड वन शॉटवरून सर्व्होवर आणा आणि तिथेच राहू द्या. सर्व्होचं नाव काढलं की लोक बिचकतात, पण अंगठा दाबून धरला तर कॅमेरा हलणाऱ्या माणसाचा पाठलाग करतो, आणि अंगठा उचलला की लेन्स आहे तिथे थांबते. एकाच बटनात दोन्ही मोड मिळाले. आणखी एक गोष्ट बघा : ‘प्रिव्ह्यू एएफ’ चालू असेल तर बंद करा. ते चालू असलं की कॅमेरा न सांगता आपणहून फोकस हलवत बसतो, आणि अंगठा उचलून जपून ठेवलेला फोकस हातचा जातो.

आता अंतरपाट. तो धरायच्या आधी नवरी पाटावर उभी राहिली की तिच्या डोळ्यावर अंगठा दाबा, फोकस लागला की उचला. आता तुमचे पाय जागचे हलता कामा नयेत. फरशीच्या एखाद्या सांध्यावर चवडे ठेवा म्हणजे कळतं. मंगलाष्टकं चांगली पाच-सात मिनिटं चालतात, कुणा आत्याची स्वतः रचलेली असली तर त्याहून जास्त, आणि तेवढ्या वेळात माणूस नकळत पुढे-मागे झुकतो. म्हणून इथे एफ २चा मोह सोडा, एफ ४ वर या, म्हणजे छिद्र लहान करा. नीट दिसणाऱ्या जागेची खोली दुप्पट होते, साधारण तेरा सेंटिमीटर. समोर कापड आलं, अक्षता उडाल्या, कुणाचा हात मध्ये आला, तरी कॅमेऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, कारण अंगठा उचललेला आहे. शेवटचं ‘सावधान’ झालं आणि वाजंत्री सुरू झाली की फक्त शटर दाबा. तिने वर पाहिलेलं तुम्हाला मिळेल. ती हार घालायला पुढे झुकेल तेव्हा पुन्हा अंगठा, आणि या वेळी धरून ठेवायचा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मुंडावळ्यांचं सांगते, कारण यात मी फार फोटो घालवलेत. डोळा ओळखणारा ऑटोफोकस अप्रतिम आहे. साधा, समोर बघणारा चेहरा असेल तर मागच्या बटनाची काहीच गरज नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण नवरी खाली बघत असते, मुंडावळीचा सर डोळ्यापुढे झुलत असतो, आणि एक मीटरवर एफ २ला तुमच्याकडे जेमतेम दीड सेंटिमीटर असतं. चौकोन डोळ्यावर दिसतो, धारदार येतात ते मोती. घरी मोठ्या पडद्यावर बघेपर्यंत कळतही नाही. यासाठी मी दोन बटनं ठेवते. एएफ-ऑनवर चेहरा-डोळा शोधणारा फोकस. त्याच्या शेजारच्या तारांकित (*) बटनालाही ‘मीटरिंग अँड एएफ स्टार्ट’च, पण तिथे इन्फो दाबून तपशिलात गेलं की त्या बटनापुरती वेगळी एएफ पद्धत निवडता येते, तिथे एक बारीक पॉइंट. मुंडावळी मध्ये आली की अंगठा एक बटन उजवीकडे सरकतो, पॉइंट पापणीच्या टोकावर, झालं. ही दोन बटनं इतकी जवळ आहेत की डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागत नाही.

राहिला अंगठा. विसरणं आठ-दहा दिवसांत जातं. घरातलं एखादं पोर अंगणात सायकल चालवत असेल, तर त्याच्यामागे रोज शंभरेक फोटो काढा आणि पुसून टाका. पण दुखणं मनावर घ्या. आधी पकड तपासा : कॅमेऱ्याचं वजन डाव्या तळहातावर, लेन्सखाली असायला हवं. उजव्या हातात सगळा भार असेल तर अंगठा एकाच वेळी कॅमेराही धरतो आणि बटनही दाबतो, मग तो दुखणारच. पकड सुधारूनही दुखलं तर हट्ट करू नका. उलटी मांडणी करा : फोकस शटरच्या अर्ध्या दाबावर परत आणा, मोड सर्व्होच ठेवा, आणि एएफ-ऑनला ‘एएफ स्टॉप’ द्या. मग अंगठा फक्त फोकस रोखायचा असेल तेव्हाच दाबायचा, दिवसभरात पाच-पन्नास वेळा. अंतरपाटाच्या वेळी तो धरून उभं राहावं लागेल, ही अडचण आहे. तेवढ्यापुरती लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकलीत तरी चालेल.

आणि कॅमेरा ‘आमचा एक काढा हो’ म्हणून दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा त्याला आधी अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवा. नाहीतर तो बापडा शटर दाबत राहील आणि तुम्ही जोडीने उभे असलेले सगळे फोटो धूसर येतील.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते. माझ्याकडे निकॉन झेड ५० आणि ५०-२५० लेन्स आहे. इंदूरजवळच्या यशवंत सागर तळ्यावर सारस बघायला गेलो होतो. जोडी गवतामागे होती, प्रत्येक फोटोत गवत स्पष्ट आणि सारस पुसट. माझ्या कॅमेऱ्याला एएफ-ऑन बटनच नाही, मग मागच्या बटनाची युक्ती माझ्यासाठी नाही का?

उत्तर : आहे ना, तुझ्यासाठी तर जास्तच. तुझ्या कॅमेऱ्यावर एई-एल/एएफ-एल असं बटन आहे, त्यालाच कस्टम कंट्रोलमध्ये एएफ-ऑनचं काम दे. मग ‘एएफ अॅक्टिव्हेशन’मध्ये ‘एएफ-ऑन ओन्ली’ निवड, म्हणजे शटरमधून फोकस निघून जाईल. मोड एएफ-सी, म्हणजे निकॉनचा सर्व्हो.

गवत तुझ्या जवळ आहे आणि त्याच्या काड्या म्हणजे नुसत्या कडाच कडा. ऑटो-एरियावर, म्हणजे फोकसची जागा कॅमेऱ्यावर सोपवलीस, तर तो जवळच्या काडीवर जाणारच. सिंगल-पॉइंट (एकच बारीक ठिपका) घे आणि काड्यांच्या फटीतून सारसाच्या मानेवर, जिथे लाल संपून राखाडी सुरू होतो, तिथे लाव. अंगठा दाब, लागला की उचल, आणि मग थांब. सारस चरताना मान खाली घालतो, वर काढतो, पण पाऊल फारसं हलवत नाही, त्यामुळे तेवढाच फोकस बराच वेळ पुरतो. वाऱ्याने काडी आडवी आली तरी बिघडत नाही. उंच पक्षी आहे, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच, त्यामुळे मान गवताच्या वर यायची वाट बघणं सोपं जातं. उडायच्या आधी तो थोडा धावतो. ती धाव दिसली की वाइड-एरिया लार्जवर (मोठ्या चौकोनावर) जा आणि अंगठा दाबून धर. एफएन२ बटनाला फोकस मोड आणि एएफ-एरिया मोड ठेवलंस तर चक्र फिरवून डोळा न काढता बदलता येईल.

एक कळकळीचं सांगते. पावसाळ्यात सारसांची घरटी पाण्यात असतात. तेव्हा चांगल्या कोनासाठी बांध सोडून आत उतरू नकोस. यशवंत सागर आणि आपलं सिरपूर, दोन्ही तळी २०२२मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, त्याचा आनंद मलाही झाला, पण सुट्टीच्या सकाळी तिथे लेन्स घेऊन जाणारे आपणच खूप झालो आहोत. २५० मि.मी.ला पक्षी लहान आला तर लहान येऊ दे. तळ्यासकट आलेला सारस मला तरी जास्त आवडतो.

प्रश्न : इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (चित्ररथांचे) फोटो काढताना माझ्या सोनीचा फोकस रात्री सारखा पुढे-मागे होतो आणि तेवढ्यात झांकी निघून जाते. काय करावं?

उत्तर : झांकीच्या मागे धावू नका, ती तुमच्याकडे येते. झांक्या काढणाऱ्या कापड गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत, त्या रात्रभर त्याच रस्त्यांवरून हळूहळू सरकतात. मेन्यूत ‘एएफ विथ शटर’ बंद, ‘प्री-एएफ’ (कॅमेऱ्याचं आपणहून फोकस हलवणं) बंद, फोकस एएफ-ऑनवर. मग झांकी जिथून जाणार तिथली एखादी उजेडातली ठळक कडा शोधा, दुकानाच्या पाटीचं अक्षर, खांबावरची माळ. त्यावर अंगठा दाबून उचला, आणि झांकी त्या रेषेत आली की शटर दाबा. अंधारात कडा नसते म्हणून कॅमेरा शोधत राहतो, त्याला शोधायलाच लावलं नाही तर पुढे-मागे होणार नाही. आखाड्याची पोरं पट्टा फिरवत येतील तेव्हा मात्र अंगठा दाबून धरा, आणि शटर स्पीड १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या.