गच्ची आत्ता, स्वयंपाकघर पुढच्या वर्षी

प्रश्न: पाऊस ओसरला, पण वरच्या खोलीच्या छताला ओल आहे. बाहेरच्या भिंतींना भेगा पडल्यात, रंगही उडालाय. थंडीच्या आत गच्ची, बाहेरचा रंग, नवं स्वयंपाकघर आणि अंगणातली फरशी असं सगळं एकदम उरकून घ्यावं, असं माझ्या यजमानांचं म्हणणं आहे. साधारण ८ महिन्यांच्या घरखर्चाइतकी मुदत ठेव आहे. ती मोडावी, की चालू गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जात वाढीव रक्कम, घ्यावा? घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं आहेत. कमावते फक्त हेच.

उत्तर: ताई, तुमच्या चार कामांपैकी एकच काम असं आहे की जे लांबवलं तर महाग पडेल, ते म्हणजे गच्ची. मुरलेलं पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटायला लागतं. आज वॉटरप्रूफिंगवर भागणारा खर्च तेव्हा स्लॅबच्या दुरुस्तीवर जातो. म्हणून गच्ची याच मोसमात करा, आणि त्यासाठी टॉप-अप घेऊ नका.

पण कोटेशन मागवण्याआधी एक दिवस वर जाऊन पाणी जाण्याच्या पाइपचं तोंड बघा. जाळीवर पानांचा थर बसतो आणि त्याच्यामागे पाणी साचून राहतं. जाळी साफ करा. मग पाइपचं तोंड बंद करून गच्चीवर बोटभर पाणी २४ ते ४८ तास ठेवा आणि खालून छत पाहा. डाग वाढला तर गळती गच्चीतूनच आहे. वाढला नाही, तर भिंतीच्या भेगा किंवा एखादी नळजोडणी तपासायला हवी. एवढं कळलं नाही तर चुकीच्या कामावर पैसे जातील.

यजमानांचा मुद्दा मला अर्धा पटतो. बाहेरच्या भिंतीला परांची बांधायचीच आहे, तर भेगा भरणं आणि रंग तिच्यावरूनच व्हावेत. दोनदा परांची म्हणजे दोनदा खर्च. फक्त गिलावा नवा केला तिथे रंगाआधी साधारण २८ दिवस जाऊ द्या. ओल्या भिंतीवरच्या रंगाला लोणा फुटतो आणि सगळा पैसा भिंतीवरून गळून पडतो. स्वयंपाकघराला मात्र परांची लागत नाही, अंगणातल्या फरशीलाही नाही. ‘राडा होतोच आहे तर होऊन जाऊ दे’ याने घरातला त्रास कमी होईल, पण त्यापायी कर्ज घ्यावं असं मला वाटत नाही.

टॉप-अपचा दर कमी दिसतो, त्यामुळे मोह होतो. पण त्याची मुदत पाहा. समजा दर ९ टक्के आहे. १५ वर्षांत फेडलं तर घेतलेल्या दर १०० रुपयांमागे सुमारे १८३ रुपये परत जातात. तेच ५ वर्षांत फेडलं तर सुमारे १२५. कपाटांची दारं, बिजागऱ्या रोजच्या वापराने १०-१२ वर्षांत बदलायला येतात, म्हणजे जुनं स्वयंपाकघर काढून टाकल्यावरही त्याचे हप्ते चालू राहतील. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात हे ओझं मला नको वाटतं. घराची किंमत वाढेल हा हिशेब तर धरूच नका. तुम्हाला तिथे राहायचं आहे, विकायचं नाही.

ठेवीतले किमान ६ महिने हलवू नका. कमावता माणूस एक, अवलंबून चौघं. नोकरीत खंड पडला किंवा सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं तर आधार तेवढाच. उरलेल्या २ महिन्यांच्या रकमेत गच्ची आणि भेगा बसवा. मूळ अंदाजावर १५ टक्के जास्त धरा, कारण जुन्या घरात फोडल्याशिवाय आतलं कळत नाही. मग रंग बसला तर बसला, नाहीतर तोही पुढे ढकला. ठेव अर्धवट मोडता येते का, हे बँकेत विचारा. येत नसेल आणि रक्कम चार-सहा महिन्यांत परत भरता येणार असेल, तर पूर्ण ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवरचं कर्ज बहुधा स्वस्त पडेल.

कंत्राटदाराला एकरकमी देऊ नका. टप्प्याटप्प्याने द्या आणि १० टक्के हातात ठेवून, पाणी साठवून पुन्हा चाचणी झाल्यावर चुकते करा.

यादीत नसलेलं एक काम मात्र मी सगळ्यात आधी करायला सांगेन. आता लवकर अंधारतं आणि पायऱ्यांवर ओली पानं पडलेली असतात. सासूबाईंसाठी पायरीशी दिवा, कठडा आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या. गच्चीच्या मानाने हा खर्च अगदीच थोडा आहे, आणि त्यांचं हाड मोडलं तर ती सगळी ठेव जाऊ शकते.

स्वयंपाकघराचा विचार सोडू नका. टॉप-अपचा जेवढा हप्ता तुम्ही भरणार होतात, तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका. आधी मुदत ठेव भरून निघू द्या, मग येईल ते स्वयंपाकघराचं. गच्चीची दोन-तीन कोटेशनं आली की मला कळवा, आकडे एकत्र बसवून बघू.