वाचकांचे प्रश्न : ‘अल्फा फाय अल्फा’चे बंधुत्व

प्रश्न : अमेरिकी महाविद्यालयांतील ‘फ्रॅटर्निटी’ (विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटना) म्हणजे नुसती मौजमजेची मंडळे असतात का? त्यांतून कोणी कर्तृत्ववान माणसे पुढे आली आहेत का?

उत्तर : सगळ्या फ्रॅटर्निटी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात ४ डिसेंबर १९०६ रोजी सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली, ती मौजेसाठी नव्हे; वर्णभेदामुळे एकाकी पडलेल्या मुलांना अभ्यासात आणि जगण्यात एकमेकांचा आधार मिळावा, ही त्यामागची निकड होती. पुरुषार्थाला साजेशी कृती, विद्याव्यासंग आणि समस्त मानवजातीवर प्रेम ही तिची तीन ध्येये. ‘मताधिकार नसलेला समाज हा आशा नसलेला समाज’ या घोषणेखाली तिने मतदार नोंदणीची मोहीम चालवली, हे मला तिचे सर्वांत मोठे काम वाटते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल आणि मार्टिन ल्यूथर किंग हे तिचे सदस्य. वॉशिंग्टनमधील किंग यांचे स्मारक, जे २०११ मध्ये खुले झाले, ते याच बंधूंच्या पुढाकारातून उभे राहिले. ग्रॅनाइटच्या शिळेतून पुढे आलेले किंग तेथे हातांची घडी घालून उभे आहेत आणि त्यांच्या हातात कागदाची गुंडाळी आहे. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हेही सदस्यच. अस्पृश्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याच्या विचारात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, ते त्यांनाच.