शाळेतील परिचारिका आणि पुढची तयारी

प्रश्न : मी जीएनएम (परिचर्येची पदविकाधारक) असून परभणी जिल्ह्यातील एका निवासी शाळेत कंत्राटी परिचारिका आहे. खर्चकपातीमुळे पुढील वर्षी हे पद राहील की नाही, याची शाश्वती संस्थेने दिलेली नाही. आतापासून कोणती तयारी करावी?
— एक भगिनी, जिंतूर

उत्तर : ताई, सर्वप्रथम महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आपली नोंदणी तपासावी, तिचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि ती खंडित असेल तर पुढचा अर्ज अडतो. त्यानंतरचा प्रश्न अनुभवाचा, आणि तोच अधिक अवघड आहे. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेसाठी जीएनएम उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील २ वर्षांचा अनुभव लागतो. मुलांचा ताप, लोहाच्या गोळ्या आणि वसतिगृहातील खरूज यांत गेलेली आपली वर्षे कितीही मोलाची असली, तरी ती तेथे धरली जात नाहीत. म्हणून परभणी किंवा नांदेड येथील मोठ्या रुग्णालयात वेतन थोडे कमी मिळाले तरी काम धरणे मला अधिक हिताचे वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत मात्र शालेय अनुभव थेट उपयोगी पडतो, कारण ही पथके शाळा आणि अंगणवाड्यांतच तपासणी करतात; पण तीही पदे कंत्राटीच. घरची परिस्थिती अनुकूल असल्यास जीएनएमनंतर करता येणारा २ वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा पदवी अभ्यासक्रमही विचारात घ्यावा. तूर्त संस्थेकडून अनुभव प्रमाणपत्र कामाच्या तपशिलासह, सहीशिक्क्यानिशी मागून घ्यावे. पद गेल्यावर ते मिळवताना हेलपाटे घालावे लागतात.