परदेशात एमएसचा (पदव्युत्तर पदवीचा) प्रवेश पक्का झालाय, पण शेवटच्या सेमिस्टरला एका विषयात काठावर पास झालोय. प्रवेश रद्द होईल का? (कोल्हापूर)

बहुधा नाही. एक विषय घसरला म्हणून दिलेला प्रवेश सहसा काढून घेत नाहीत. तरी अंदाजावर राहू नका, ऑफर लेटर आजच पुन्हा वाचा. अमेरिकेतल्या पत्रात बऱ्याचदा पदवी पूर्ण करून अंतिम गुणपत्रक देण्याची अट असते. काही ठिकाणी किमान जीपीएही (सरासरी ग्रेड गुण) लिहिलेला असतो. ब्रिटनच्या कंडिशनल ऑफरमध्ये, म्हणजे अटीवर दिलेल्या प्रवेशात, मात्र ठरावीक टक्के किंवा वर्ग मागतात, तिथे आकडा हुकला तर खरंच अडचण येऊ शकते.

नापास झाला असता तर पदवीच अडकली असती. तुम्ही पास आहात, हे फार मोठं आहे, खरंच.

अटीच्या खाली गेला असाल तर लपवू नका, गुणपत्रक त्यांच्याकडे जाणारच आहे. अ‍ॅडमिशन ऑफिसला चार ओळींचा मेल करा: काय झालं, का झालं, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलाय का. रडगाणं नको. शिवाजी विद्यापीठाचा निकाल असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत कॉलेजात लगेच विचारा.

स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून मिळणारी मदत) मिळाली असेल तर तिच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेही पत्र काढून बघा.