निबंध उद्यावर ढकलणाऱ्यांचे प्रश्न

सबमिशनची तारीख जवळ आली की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात, फक्त विचारणारा बदलतो. म्हणून ह्या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतेय. प्रत्येकाला वेगळं लिहायला मला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही वाचत बसायला वेळ नाहीये.

प्रश्न: मी आळशी आहे का? खोली आवरते, मैत्रिणीला नोट्स काढून देते, सगळं करते, पण निबंधाची फाइल उघडली की पोटात गोळा येतो.

आळशी माणूस दुसऱ्याच्या नोट्स काढत बसत नाही. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल ह्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच मांडलं होतं, की चालढकल हा वेळेच्या हिशोबापेक्षा भावना सांभाळण्याचा प्रश्न आहे. फाइल बंद केली की लगेच बरं वाटतं ना? तेच बक्षीस मिळतं आणि पुढच्या वेळी हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे जातो. म्हणून नुसतं टाइमटेबल करून उपयोग नाही. गोळा कशामुळे येतो ते एका ओळीत लिहून बघा. विषयच कळला नाही, कमी मार्कांची भीती आहे की नुसता कंटाळा आहे? विषय कळला नसेल तर घरी बसून कितीही निर्धार केलात तरी तो कळणार नाहीये, जाऊन शिक्षकांना विचारा.

प्रश्न: पोमोडोरोमध्ये, म्हणजे टायमर लावून काम आणि मग छोटी सुट्टी ह्या पद्धतीत, २५ मिनिटंच का? मला २५ मिनिटं बसवत नाही.

मग १० मिनिटं बसा. ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्चेस्को चिरिलोने स्वतःच्या अभ्यासासाठी ठरवलेला आकडा आहे तो, कुठे कोरून ठेवलेला नियम नाही.

प्रश्न: एक ऑनलाइन कोर्स आहे, २१ दिवसांत रोज लिहायची सवय लागते म्हणतात. घेऊ का?

नको. हे २१ दिवसांचं प्रकरण कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं आहे आणि आता त्यावर दुकानं चालतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सवयींवर अभ्यास छापला, त्यात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. तेही जेवणासोबत फळ खाणं वगैरे साध्या सवयींसाठी. तुमचा निबंध त्याच्या आधीच द्यायचा असणार. कॉलेजमध्ये लेखनाला मदत करणारं कुणी असेल तर ते फुकट मिळतं, आधी तिथे जा.

प्रश्न: मी प्रेशरखालीच बेस्ट लिहितो, आदल्या रात्री. मग आधी का त्रास करून घ्यायचा?

बेस्ट कशाच्या तुलनेत? आधी लिहिलेला एकतरी निबंध तुमच्याकडे आहे का? डायान टाइस आणि रॉय बॉमाइस्टर ह्यांचा १९९७ चा अभ्यास विद्यार्थ्यांवरच होता. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे खरंच मजेत होते, ताण कमी, तब्येतीच्या तक्रारी कमी. सत्र संपताना सगळं उलटलं, आजारपणं वाढली आणि मार्कही इतरांपेक्षा कमी. एकदा तीन दिवस आधी कच्चा निबंध पूर्ण करून शिक्षकांना दाखवा आणि मग माझ्याशी वाद घाला.

प्रश्न: प्रस्तावना आधी लिहायची का?

नाही. शेवटी.

प्रश्न: मॅडम, विषय आवडीचा आहे. चाळीसेक पीडीएफ डाउनलोड केल्यात, रंगीत पेनांनी नोट्सही काढल्यात. पण अजून वाचन पुरेसं झालंय असं वाटत नाही म्हणून सुरुवात केली नाही. आठवडा उरलाय. किती वाचलं की लिहायला घ्यावं?

ह्या प्रश्नावर मी लांबण लावणार आहे, सहन करा. चालढकलीचा सगळ्यात फसवा प्रकार हाच. मोबाइल बघत बसलेल्याला निदान आतून टोचत तरी असतं, तुम्हाला मात्र आपण अभ्यास करतोय असंच वाटत राहतं, घरचे पण खूश, आणि फाइलमध्ये तुमच्या नावापलीकडे काही नाही. वाचन पुरेसं कधीच वाटणार नाहीये, कारण प्रत्येक लेखाच्या शेवटी आणखी वीस-तीस संदर्भ दिलेले असतात आणि त्यातले पाच तरी महत्त्वाचे वाटतात. शिवाय काय वाचायचं हे थोडं लिहिल्याशिवाय कळतच नाही, हे कुणी सांगत नाही. आधी सगळं वाचून घ्यायचं आणि मग एका बैठकीत लिहून काढायचं हे चित्र डोक्यातून काढून टाका, सराईत लिहिणारेही असं लिहीत नाहीत.

आजच करा. सगळ्या पीडीएफ बंद. दिलेला प्रश्न जसाच्या तसा वर लिहा आणि त्यात 'तुलना करा' म्हटलंय, 'चर्चा करा' म्हटलंय की 'मूल्यमापन करा' ते अधोरेखित करा, कारण कित्येक जण इथेच घसरतात, तुलना मागितलेली असते आणि हे इतिहास सांगत बसतात. मग त्या प्रश्नाचं तुमचं आत्ताचं उत्तर तीन वाक्यांत लिहा. चुकीचं असू दे. प्रत्येक वाक्याखाली 'हे कशावरून?' असं लिहा आणि जे आठवतंय ते टाका. जिथे काहीच नाही तिथे 'इथे पुरावा हवा' लिहून पुढे सरका, लगेच शोधायला जाऊ नका, शोधायला गेलेला माणूस तासाभराने भलत्याच टॅबवर सापडतो. ह्या रिकाम्या जागा हीच तुमची वाचनाची यादी. चाळीसपैकी मूठभर लेख लागतील, बाकीच्यांचा मोह सोडा. आणि हो, रंगीत पेनं ड्रॉवरमध्ये.

आता तो 'आठवडा उरलाय'. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस ह्यांनी १९९४ मध्ये मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. अंदाज सरासरी ३४ दिवस, लागले ५५. गंमत म्हणजे सगळं शक्य तितकं वाईट झालं तर किती लागतील असं विचारल्यावरही त्यांनी सरासरी ४९ च्या आसपास सांगितले होते, म्हणजे वाईटातला वाईट अंदाजसुद्धा कमीच पडला. तुम्ही वेगळे आहात असं समजू नका. तेव्हा तीन वाक्यं घेऊन उद्या शिक्षकांकडे जा, दहा मिनिटं मागा. अजून तयारी नाही असं म्हणाल, तर तयारी नसतानाच जायचं असतं हो, तयारी झाल्यावर काय सत्कार करून घ्यायला जायचंय?

प्रश्न: टाइमटेबल करतो, दोन दिवस पाळतो, मग बोंबललं.

'संध्याकाळी निबंध' हे टाइमटेबल नाही, ती इच्छा आहे. 'चहा संपला की टेबलावर बसून दुसऱ्या मुद्द्याची पाच वाक्यं लिहीन' असं लिहा, म्हणजे कधी, कुठे, काय. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झरने अशा 'जेव्हा-तेव्हा' बेतांवर बराच अभ्यास केलाय, ते नुसत्या निर्धारापेक्षा जास्त टिकतात.

प्रश्न: मुलगा लिहायला बसत नाही, मोबाइल काढून घेऊ का? (आई)

हिसकावून नको. लिहिताना दुसऱ्या खोलीत ठेव असं सांगा, आणि निबंधाचा विषय काय आहे ते एकदा त्याला बोलून सांगायला लावा. सांगता आला नाही तर अडचण मोबाइलची नाही.

प्रश्न: रील्स बघून मला वाटतंय मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे. सगळी लक्षणं जुळतात.

रीलमध्ये सगळ्यांचीच जुळतात, ती तशीच बनवलेली असतात. निदान करताना बाराव्या वर्षाआधीपासून काही लक्षणं होती का, आणि ती फक्त निबंधापुरती आहेत की घरी, कॉलेजात, सगळीकडे, हे बघतात. झोप कमी असेल किंवा नैराश्य असेल तरी लक्ष लागत नाही. शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, चेष्टा म्हणून सांगत नाहीये, कित्येकांना खरंच असतं आणि उपचारांनी फरक पडतो. मित्राची गोळी मात्र घेऊ नका. आणि निबंधच काय, अंघोळ-जेवणसुद्धा नकोसं झालं असेल तर थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.

प्रश्न: 'एका रात्रीत निबंध, पकडला जाणार नाही' अशी जाहिरात आलीये. खरं आहे का?

पकडले जाणार नाही ही हमी जो देतोय त्याच्याकडे तुमचं नाव, नंबर आणि पैसे दिल्याचा पुरावा राहतो. अशा लोकांनी नंतर विद्यार्थ्यांना धमकावून आणखी पैसे उकळल्याचे प्रकार झालेत. एआयबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच, तुमच्या कोर्सला काय चालतं ते शिक्षकांकडून लेखी घ्या, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

प्रश्न: डेडलाइन होऊन चार दिवस झाले. सरांचा मेलही उघडला नाही. आता तोंड कसं दाखवू?

मेल उघडा. मग हे पाठवा: 'सर, निबंध वेळेत देऊ शकलो नाही. एवढा झालाय, सोबत जोडतोय. उरलेला कधीपर्यंत दिला तर चालेल?' आजी आजारी वगैरे काही घालू नका. आणि स्वतःला शिव्या देणं थांबवा, २०१० च्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांनी पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मार्क कापले जातील, जाऊ देत. उशिराचे नियम आणि मुदतवाढ ह्याबद्दल विभागात विचारा, पण मेल पाठवून झाल्यावर.