उपास जमत नाही, तर उपवासकाळ कसा पाळावा?

प्रश्न : मी नागपूरच्या सदर भागात राहते. आम्ही कॅथलिक आहोत. माझे वय ६४ असून मधुमेहामुळे दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून डॉक्टरांनी उपास करण्यास सक्त मनाई केली आहे. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, घरातील प्रत्येक जण काही ना काही सोडतो आणि मी मात्र वेळेवर जेवायला बसते, याची लाज वाटते. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीतील चौदा प्रसंगांपुढे थांबून करायच्या प्रार्थनेला) जाते, पण घराच्या वाटणीवरून दोन वर्षे अबोला धरलेल्या माझ्या जाऊबाईही तिथे असतात, त्यामुळे प्रार्थनेत मन लागत नाही. उपास न करता आत्मिक नवीकरण होऊ शकते का?

उत्तर : आधी लाजेविषयी. चर्चच्या कायद्याप्रमाणे राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी उपासाचे बंधन असते आणि तेही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. म्हणजे तुमची प्रकृती ठणठणीत असती, तरी या बंधनातून तुम्ही पाच वर्षांपूर्वीच मोकळ्या झाला असता. शिवाय त्या दोन दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे चालते. शेजारपाजारचे निर्जळी उपास पाहत वाढल्यामुळे आपल्या मनात उपासाचे जे कडक चित्र बसले आहे, ते या नियमात नाही. मांस वर्ज्य करण्याला मात्र वरची वयोमर्यादा नाही; तेव्हा शुक्रवारी सावजी रस्सा बाजूला ठेवलात, तर इन्सुलिनच्या वेळा न चुकवताही तुमच्या वाट्याचा त्याग होईल.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्या शतकातील एका ख्रिस्ती लेखनात उपास करणाऱ्याला असे सांगितले आहे की, त्या दिवशी जे खाल्ले असते त्याचा खर्च मोजावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. ताटातून काढलेले कोणाच्या तरी ताटात पडावे, असा हा सरळ हिशेब आहे आणि तो तुम्ही जेवूनही पाळू शकता. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८व्या अध्यायात तर उपास करून तंटे चालू ठेवणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केलेली आहे, आणि येथेच मला तुमच्या पत्रातील ते वाक्य महत्त्वाचे वाटते, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे.

वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. चूक कोणाची, हे तो विचारत नाही. तुम्ही शुक्रवारी चौदा स्थानांपुढे थांबता, त्या वेळी जाऊबाई चार पावलांवर उभ्या असतात. मन लागत नाही ही तक्रार मला तरी प्रार्थनेतला अडथळा वाटत नाही, प्रार्थनेने केलेली सूचना वाटते. समेट म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. वाटणीचा प्रश्न वकिलाकडे राहू द्या. बोलणे सुरू करण्यासाठी त्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांच्या मोजणीत रविवार धरलेले नाहीत, म्हणून राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, प्रत्यक्षात ४६ दिवस होतात. त्यातला चौथा रविवार आनंदाचा मानला जातो आणि त्या दिवशी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात. यंदा, २०२६ साली, तो १५ मार्चला आहे. त्या दिवशी जाऊबाईंना जेवायला बोलवा. निरोप फोनवर किंवा मुलांच्या हाती नको. आदल्या आठवड्यात उन्हे कलल्यावर स्वतः त्यांच्या दारी जा. त्या नाही म्हणाल्या, तर ईस्टरपर्यंत आणखी दोन रविवार उरतातच.